कथा लिहायची असेल तर कथेबाहेरचंही वाचा

सांगलीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात मी सव्वीस वर्षं दिवाणजी आहे. दिवसा हळदीच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीचे हिशेब, करतो, रात्री कथा लिहितो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाकडे मी एका म्हाताऱ्या हमालाची कथा पाठवली होती. ती परत आली. सोबत संपादकांचं पोस्टकार्ड होतं, त्यावर दोनच ओळी: हमाल तुमच्या ओळखीचा दिसतो, पण त्याच्याबद्दलची वाक्यं मी आधी कुठंतरी वाचलेली आहेत.

ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय. त्यानंतर मी काय वाचायला लागलो आणि कसं वाचायला लागलो, ते नव्यानं लिहिणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

आधी त्या कथेतलं वाक्य बघा. "रणरणत्या उन्हात घामाने निथळणाऱ्या त्या वृद्ध चेहऱ्यावर दारिद्र्याच्या असंख्य सुरकुत्या उमटल्या होत्या." यातला एक शब्दही आमच्या यार्डातला नाही. त्या म्हाताऱ्याला मी रोज सकाळी नऊपासून बघत होतो, पण लिहायला बसलो की डोळ्यांपुढं यायचे ते वाचलेल्या कथांमधले म्हातारे. ग्रामीण कथा लिहायची म्हणून तोवर मी फक्त ग्रामीण कथाच वाचत आलो होतो. त्या कथा चांगल्याच होत्या. पण सगळं वाचन एकाच जातीचं असलं की त्यातले शब्द आपलेच वाटायला लागतात, आणि ते उसने आहेत हे आपल्याला कळत नाही. दुसऱ्याला मात्र लगेच कळतं.

म्हणून सुरुवात कथेपासून करू नका. जो मजकूर कुणाचं तरी काम व्हावं म्हणून लिहिला गेला, तो आधी वाचा. पत्रं, हिशेब, रोजनिशी, पंचनामे, जुन्या जाहिराती. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर काय झालं याची बातमी नानासाहेब पेशव्यांना वाटेत सापडलेल्या एका सावकारी पत्रातून कळली, हे तुम्हाला ठाऊक असेल. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा (चिल्लर) किती गेला त्याची गणती नाही, अशा अर्थाचा तो मजकूर. मोती, मोहरा, खुर्दा म्हणजे लढाईत पडलेली लहान-मोठी माणसं. लहानपणी शाळेत ऐकताना मला ते कोडं वाटलं होतं. दिवाणजी झाल्यावर पुन्हा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. लिहिणाऱ्यानं रडणं, आक्रोश यातलं काहीच घातलेलं नाही. तोट्याचा हिशेब मांडावा तसं लिहिलंय, आणि खुर्द्याची मोजदाद लागत नाही म्हटल्यावर वाचणाऱ्याला मेलेली माणसं दिसायला लागतात.

ते वाचल्यावर मी आमच्याच दुकानाच्या जुन्या कीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, काढून बसलो. हमाली, तोलाई, सुतळी, चहा. मधेच एका नोंदीत त्या म्हाताऱ्याचं नाव आणि पुढं 'उचल रु. २०, औषधाकरिता'. पुढच्या आठवड्यात पुन्हा उचल. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. 'उचल', म्हणजे मजुरीतून आगाऊ घेतलेले पैसे, हा शब्द मी रोज लिहीत होतो, पण कथेत तो घ्यावा असं कधी सुचलं नव्हतं. मग तो प्रसंग मी असा लिहिला:

"बाराच्या सुमाराला त्यानं हूक खांद्याला अडकवला आणि नळावर गेला. पाठीवर हळद बसलेली, घामाचे पिवळे ओघळ कमरेपर्यंत आलेले. तोंड धुतलं तरी कानामागची हळद तशीच. आत येऊन म्हणाला, 'वीस रुपयं उचल लिवा. औषध आणायचंय.' दिवाणजीनं मागची उचल बघितली आणि पान उलटलं."

दारिद्र्य हा शब्द गेला. सुरकुत्याही गेल्या. त्यांची गरज उरली नव्हती.

तुमच्या हाताशी कीर्द नसेल, पण घरात काहीतरी असतंच. आजीची वाणसामानाची यादी, वडिलांनी सोसायटीला केलेला अर्ज, दवाखान्याचे जुने कागद. तो कागद वाचताना एकच गोष्ट शोधा: लिहिणाऱ्यानं काय लिहायचं टाळलं? मला सगळ्यात जास्त त्यातूनच मिळालं.

दुसरीकडं अगदी जुन्या मराठीत जा. माझ्यासाठी ते लीळाचरित्र होतं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्याही ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडं जाऊन. भाषा पहिल्यांदा जड जाते. शब्दार्थ दिलेली आवृत्ती घ्या आणि रोज दोनच लीळा, म्हणजे छोटे प्रसंग, वाचा, मोठ्यानं. महिन्याभरात कान सरावतो. मग लक्षात येतं की वाक्यं आखूड आहेत, विशेषणं जवळजवळ नाहीत, आणि कोण आलं, कुठं बसलं, काय म्हणालं एवढ्यावर माणूस उभा राहतो. आठशे वर्षांपूर्वीचं बोलणं समोर चाललंय असं वाटतं.

म्हाइंभटांकडून मी आणखी एक काम शिकलो, ते तुम्हीही करून बघा. आमच्याजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं आहेत, जमिनीत खोल खणलेली. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागत नसे. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं कायमची गेली. मी त्यावर तीन माणसांना विचारलं. पेवाचे मालक पोत्यांचा आकडा सांगत होते. पेवात उतरणारा माणूस म्हणाला, आधी दिवा सोडून बघायचो, दिवा विझला तर उतरायचं नाही. चहावाल्या मावशींना आठवत होता तो वास, पूर ओसरल्यावर कित्येक दिवस टिकलेला, कुजक्या हळदीचा. तिघांचंही मी त्यांच्याच शब्दांत लिहून काढलं, एकमेकांत मिसळलं नाही. प्रसंग एकच, पण तीन वेगळ्या कथा हातात आल्या.

आता पाककृतीचं पुस्तक. हसू नका, मी मनापासून सांगतोय. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि त्यात मापं वाटी-चमच्यात होती. समोर स्वयंपाकघरात कोण उभं आहे, तिच्या हाताशी काय आहे, हे लिहिताना डोळ्यांपुढं ठेवलं की वाक्य कसं सरळ होतं ते त्यात बघायला मिळतं. आपल्या कथांमध्ये कृती फार ढिसाळ असते. 'त्याने हळद शिजवली' असं लिहून आपण मोकळे होतो. मी एकदा हळद शिजवण्याची कृती कधी शेत न बघितलेल्या माणसासाठी लिहून बघितली. कुठवर शिजवायची? फेस येतो, वास बदलतो, हळकुंडात काडी टोचली तर सहज आत जाते. मग दहा-पंधरा दिवस ऊन, मग पॉलिश. हे लिहिताना कळलं की काडी टोचणारा हात कथेत आला पाहिजे. तुम्हाला येणारं कुठलंही एक काम असं एका पानात लिहून बघा.

प्रवासवर्णनात विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' वाचाच. कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक कर्ज फेडायला, दक्षिणा मिळवायला १८५७ मध्ये उत्तरेकडं निघाला आणि झाशीत इंग्रज शिरले तेव्हा तिथंच अडकला. पुस्तक छापलं गेलं १९०७ मध्ये. गडी लेखक नव्हता. पण भीतीच्या वेळी माणूस काय बघतो हे त्याच्याइतकं मला कुणी शिकवलं नाही. मोठ्या लढाईच्या मधोमध त्याला तहान लागलेली असते.

आता वाचायचं कसं. नुसतं वाचून लेखणी सुधारत नाही, हे अनुभवानं सांगतो. आवडलेल्या दहा ओळी हातानं उतरवून काढा. मोबाइलवर फोटो काढून ठेवाल तर उपयोग नाही. हात सावकाश चालतो, त्यामुळं स्वल्पविराम कुठं आला, क्रियापद कुठं ठेवलं, हे बोटांना कळतं. मी दोनशे पानी वही वापरतो. डाव्या पानावर उतारा, उजव्या पानावर माझ्या तीन नोंदी: सगळ्यात लांब वाक्यात शब्द किती, सगळ्यात आखूड वाक्यात किती, आणि मला माहीत होता पण मी कधी लिहिला नव्हता असा शब्द कोणता. तिसरी नोंद सर्वांत मोलाची. त्या शब्दासाठी मग दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडतो. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले ते सात खंड मोठ्या वाचनालयांत असतात. एक शब्द बघायला जावं आणि शेजारचे पाच घेऊन यावं.

दुसऱ्या भाषेतलं अनुवादातून घ्या, आणि शक्यतो शेजारच्या भाषेपासून सुरुवात करा. आमच्या यार्डात कर्नाटकातून हळद येते, निम्मी बोलणी कानडीत होतात, पण कन्नड कादंबरी मी चाळिशीनंतर वाचली. उमा कुलकर्णींनी केलेले भैरप्पांचे अनुवाद वाचले आणि ज्या शेतकऱ्यांशी मी वर्षानुवर्षं फक्त वजन-भाव बोललो, त्यांच्या घरात काय चालत असेल ते पहिल्यांदा दिसलं.

वेळेचं म्हणाल तर दुकान उघडल्यापासून सौदे सुरू होईपर्यंत मला अर्धा तास मिळतो. तेवढा पुरतो. वर्गणी भरून वाचनालयाचे सभासद व्हा, कारण परत करायची तारीख असली की पुस्तक वाचून होतं. आणि आपल्या नेहमीच्या कपाटासमोर जाऊ नका. मी एका महिन्यात एक पुस्तक कथांचं, एक शेती-व्यापार-इतिहासाचं आणि एक कवितेचं असं आणतो. कविता मोठ्यानं वाचायची. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी दुसऱ्यांनी टिपून घेतली. ती डोळ्यांनी वाचली तर अर्धीच कळतात. पन्नास पानांत जीव रमला नाही तर पुस्तक परत करा, अपराधी वाटून घेऊ नका.

एक धोका मात्र आहे. एखादा लेखक फार आवडला की महिनाभर आपलं वाक्य त्याच्या चालीनं चालतं. नवोदितांना याची भीती वाटते आणि ते वाचनच सोडतात. तसं करू नका. कच्चा खर्डा चालू असताना मी आवडत्या लेखकांना हात लावत नाही, तेवढ्या दिवसांत बाजारभाव, नोटिसा, जुन्या कीर्दी वाचतो. खर्डा संपला की ज्याचा प्रभाव वाटतो त्याचं पुस्तक उघडून माझं पान शेजारी ठेवतो आणि त्याची वाक्यं पेन्सिलीनं अधोरेखित करतो. हमालाच्या कथेत अशी अकरा सापडली. नऊ काढली. दोन ठेवली, कारण तो म्हातारा खरंच तसं बोलायचा.