खान्देशातल्या उन्हात गाडीला घरगुती कोल्ड एअर इन्टेक कसा बसवायचा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात गेला की "कोल्ड एअर" म्हटलं तरी लोक हसतात, पण कोल्ड एअर इन्टेक म्हणजे बोनेटखालच्या गरम हवेऐवजी बाहेरची हवा इंजिनला देणारा पाईप, आणि बोनेटखाली बाहेरपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं त्यामुळे इंजिनला बाहेरची 45 ची हवासुद्धा थंडच. 70 डिग्रीची हवा 45 च्या हवेपेक्षा साधारण 7 टक्के विरळ असते, म्हणजे ऑक्सिजन तेवढा कमी, आणि आत जाणारी हवा फार तापली की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकणं) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंगसुद्धा मागे घेतो. दुपारी एसी लावून कन्नड घाट चढवला की गाडी दमल्यासारखी करते त्यात याचाही हात असतो.

आता बरेच पोरं काय करतात, कंपनीचा हवेच्या फिल्टरचा डबा काढून फेकतात आणि बोनेटमधे उघडा कोन फिल्टर लावतात. आवाज झकास येतो भो, पण तो फिल्टर रेडिएटरच्या मागची गरम हवाच पिऊन राहतो, वर वावरातल्या रस्त्याची धूळ. तेलवाला कॉटन फिल्टर असेल आणि तेल जास्त झालं तर ते एमएएफ सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर) तारेवर बसतं आणि रीडिंग बिघडतं. म्हणून माझं म्हणणं, डबा आणि पेपर फिल्टर कंपनीचाच ठेवा, फक्त डब्याच्या तोंडापर्यंत बाहेरची हवा आणून द्या. फिल्टरच्या पुढचा इंजिनकडे जाणारा पाईप, सेन्सर, ब्रीदरची नळी (इंजिनमधली वाफ परत इन्टेकमधे आणणारी), कशालाच हात लावायचा नाही.

आधी बोनेट उघडून कंपनीचा स्नॉर्कल (डब्यात हवा आणणारी नळी) कुठून हवा घेतो ते बघा. बऱ्याच गाड्यांत तो आधीच ग्रिलमागून घेतो, मग फक्त फटी बंद करायच्या, काम संपलं. तोंड इंजिनच्या बाजूला असेल तरच पुढचा खटाटोप.

पाईप मिळायला जळगावसारखं गाव नाही. 75 एमएमचा पीव्हीसी ड्रेनेज पाईप आणि 45 अंश कोनाचे बेंड घ्या, 90 चा एल्बो टाळा, हवा अडते. पण पीव्हीसी 60 डिग्रीच्या पुढे मऊ पडायला लागतो, त्यामुळे तो फक्त रेडिएटरच्या पुढच्या भागात, मागे ॲल्युमिनियमचा पाईप लावा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनमधून धूर बाहेर नेणारा तापलेला पाईप) लांब ठेवा. आधी पुठ्ठ्याची नळी करून रस्ता ठरवा आणि बोनेट बंद होतंय का बघा, मगच आरी चालवा. कापलेल्या कडा कानशीने घासून पाईप आतून धुवून घ्या. इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून डब्याजवळ रबर किंवा सिलिकॉन होजचा तुकडा आणि दोन्हीकडे क्लिप. पाईप कूलिंग फॅनला किंवा बेल्टला लागता कामा नये.

तोंड ग्रिलच्या वरच्या भागात ठेवा, बम्परच्या खाली अजिबात नाही. पावसाळ्यात रेल्वेच्या बोगद्यात किंवा नाल्यावर पाणी साचतं, खालच्या तोंडातून ते सिलिंडरमधे गेलं की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, मग बसा इंजिन उघडत. तोंडाला जाळी बसवा, आणि पाईपच्या सगळ्यात खालच्या जागी 5-6 एमएमचं भोक पाडा म्हणजे शिंतोडे निथळून जातील.

डबा आणि इंजिन यांच्यामधे ॲल्युमिनियमचा पत्रा उभा करा, वरच्या कडेला दरवाज्याची रबर बीडिंग लावा म्हणजे बोनेटला टेकून फट बुजते. अर्धा फरक या पत्र्यानेच पडतो असं माझं मत.

फरक पडला का हे कानाने नाही कळत. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र) लावा, मोबाईलमधे इन्टेक एअर टेम्परेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, बघा, काम करायच्या आधी आणि नंतर, त्याच रस्त्याला, त्याच वेळेला. सिग्नलला उभं असताना आकडा चढणारच, चालत्या गाडीत तो बाहेरच्या तापमानाच्या जवळ आला पाहिजे. ॲव्हरेज वाढेल ही आशा सोडा, फरक पूर्ण पाय दाबल्यावरच जाणवतो तोही थोडाच. टर्बो डिझेलवाल्यांनी यात पडूच नका, तिथे टर्बोच्या (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) पुढे इंटरकूलर असतो आणि हवा तोच थंड करतो.

गाडी वॉरंटीत असेल तर जुना स्नॉर्कल भंगारात देऊ नका, सर्व्हिसिंगच्या आधी परत लावता येतो.