जुन्या मर्सिडीजचे कोड कसे वाचावेत

डब्ल्यू२१०, म्हणजे नव्वदच्या दशकातली ई-क्लास मर्सिडीज, आली की मी आधी बॉनेट उघडतो. आत ३८ पिनांचं गोल सॉकेट असतं. एबीएस (ब्रेकची यंत्रणा), एअरबॅगचे बिघाड सांगणारे कोड तिथून मिळतात. स्वस्तातला ब्लूटूथ ईएलएम३२७ स्कॅनर घेऊ नका, तो फार तर इंजिनाशी बोलतो. मर्सिडीजचे सगळे मॉड्यूल (एकेक यंत्रणा चालवणारे छोटे संगणक) वाचणारा स्कॅनर आणि ३८ पिनांचा अडॅप्टर हवा.

बॅटरीला चार्जर लावा. व्होल्टेज पडलं की भलतेच कोड येतात. इग्निशन ऑन करा, कोड वाचा, वहीत उतरवा, मगच पुसा. गाडी फिरवून आणल्यावर जो परत येईल, त्याच्यामागे लागा.

कोडमध्ये सेन्सरचं नाव दिसलं म्हणून लगेच नवा सेन्सर मागवू नका! आधी मल्टीमीटरने वायर तपासा. पुण्यात १९९५पासून जुळवलेल्या डब्ल्यू१२४च्या, म्हणजे डब्ल्यू२१०च्या आधीच्या ई-क्लासच्या, काळातल्या इंजिन वायरिंगचं तर आवरणच तडकून गळतं.