थंडीत हायब्रिडची खडखड: माझा अनुभव
टोरांटोत पारा उणे 15च्या खाली गेला की आमच्या जुन्या हायब्रिडचं (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीचं) इंजिन सकाळी सुरू होताच काही सेकंद जोरात खडखडायचं, मग शांत. दार उघडताच येणारी गुणगुण ब्रेकच्या पंपाची, ती नेहमीचीच. हीटरसाठी उभ्या गाडीत इंजिन चालू राहतं, तेही ठीक. पण कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) हळूहळू कमी होत होतं आणि बाहेर कुठेच गळती दिसेना, तिथे ते इंजिनच्या आतच गळतंय हा माझा संशय पक्का झाला. मेकॅनिकने कूलंटवर रात्रभर दाब ठेवला आणि सकाळी स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला. एका सिलिंडरमध्ये कूलंट उतरलेलं! हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधली सील) बदललं, काजळीने तुंबलेला ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग) साफ केला, खडखड गेली. असा आवाज येत असेल तर कृपया गाडी तशीच दामटू नका. इंजिन थंड असताना आधी कूलंटची पातळी बघा.