अंधारात वाचण्यासाठी दिवा घेताना या चुका टाळा

वाचनासाठी छोटा, सोबत नेता येणारा दिवा घ्यायचा म्हटले की खरेदी नाशिकच्या मेनरोडवर असो वा मोबाइलवर, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "उजेड किती पडतो?" ओळखीच्या मंडळींना दिवे निवडून देताना हा प्रश्न इतक्यांदा कानावर आला आहे की आता मी उत्तर देण्याआधी त्यांना वाचायचे पुस्तक सोबत आणायला सांगतो. या दिव्याने खोली उजळायची नसते, दोन पाने उजळायची असतात. एवढे लक्षात घेतले नाही की पुढच्या बहुतेक चुका ओघाने होतातच.

ल्युमेनच्या आकड्यावर भाळणे

ही चूक मला सर्वांत जास्त वेळा दिसते. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश आणि लक्स म्हणजे एक चौरस मीटर जागेवर पडणारे ल्युमेन. कार्यालयात लिहिण्यावाचण्याच्या टेबलावर साधारण 500 लक्स उजेड असावा असे धरतात. आपल्याकडची डेमी आकाराची कादंबरी उघडून ठेवली तर दोन्ही पाने मिळून सुमारे 28 बाय 21.5 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम 0.06 चौरस मीटर जागा होते. तेवढ्या जागेवर 500 लक्स पाडायला 30 ल्युमेन पुरतात. निम्मा उजेड इकडेतिकडे सांडला असे धरले तरी 60. शिवाय काळोखात डोळे सरावलेले असताना 100 लक्सदेखील बहुतेकांना पुष्कळ होतात. असे असताना खोक्यावर 1000 ल्युमेन छापलेला दिवा वाचनासाठी घेण्याला काहीच अर्थ नाही.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी गंगापूर रोडला दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहत होता. एके दिवशी त्याचा फोन आला, "मामा, रात्री वाचताना डोळे फार दुखतात, नंबर वाढला असेल का?" डोळे तपासून घे असे सांगितलेच, पण दिवा बघायला मीही गेलो. त्याने ऑनलाइन मागवलेला दिवा लांब झोताचा होता, रात्री शेतात फिरताना उपयोगी पडावा असा. जवळ ठेवला की पानाच्या मधोमध पांढरा डाग पडे आणि कडेच्या ओळी अंधारात राहत, म्हणून त्याने तो समोरच्या मांडणीवर चढवला होता. तिथून झोत थेट शेजारच्या गादीवर जाई आणि तो मित्र तोंडावर टॉवेल टाकून झोपे. मित्राला त्रास नको म्हणून याने काचेवर चिकटपट्टीने कागद लावला, तर तो कागद तापून तपकिरी पडला होता. मग नाइलाजाने दिव्याचे तोंड भिंतीकडे फिरवून, भिंतीवरून परत येणाऱ्या मंद उजेडात तो वाचत बसायचा. डोळे दुखणार नाहीत तर काय?

छोट्या दिव्याचे अंतर दुप्पट केले की पानावरचा उजेड एक चतुर्थांश उरतो. त्यामुळे लांबचा मोठा दिवा काढून जवळचा छोटा दिवा आणणे एवढाच उपाय होता. मान हवी तशी वळणारा, चिमट्याने अडकवायचा, उजेड तीन टप्प्यांत कमी-जास्त होणारा साधा दिवा आम्ही शालिमारजवळच्या एका दुकानातून घेतला. तो पानापासून वीतभर ते दीड वीत अंतरावर, डावीकडून आणि भुवयांच्या पातळीखाली राहील असा लावला, म्हणजे दिवा स्वतः डोळ्यांत येत नाही आणि उजव्या हाताने लिहिताना हाताची सावलीही वहीवर पडत नाही. डॉक्टरांनी तपासल्यावर नंबर तोच निघाला. कमी उजेडात वाचल्याने डोळे कायमचे बिघडत नाहीत, ते थकतात. पण परीक्षेच्या तोंडावर तो थकवाही परवडत नाही.

सर्वांत मंद टप्पा न बघणे

दुकानात सगळे जण दिवा पूर्ण पेटवून बघतात, मी सर्वांत कमी करून बघतो. रात्री बाराला शेजारी कोणी झोपलेले असताना कामाला येतो तो हाच टप्पा. स्वस्त दिव्यांत उजेड कमी करण्यासाठी एलईडी सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू केली जाते. डोळ्यांना ती उघडझाप सहज कळत नाही, तरी बऱ्याच जणांचे डोके त्यामुळे दुखते. माझी सवय अशी की मंद टप्प्यावर दिव्याखाली पेन्सिल भरभर हलवायची. पेन्सिलीची सलग धूसर पट्टी दिसली तर ठीक. तुटक तुटक अनेक पेन्सिली दिसल्या तर तो दिवा परत खोक्यात घालायला सांगायचा. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरल्यावर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तरी तेच समजावे. दुकानदार घाई करतात, गिऱ्हाईकही घाई करते, आणि दोन मिनिटांच्या या तपासणीवाचून घेतलेला दिवा महिनाभरात माळ्यावर जातो.

पांढराशुभ्र उजेड म्हणजे चांगला उजेड, असे समजणे

ज्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तिच्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाचा काही भाग पिवळा करणाऱ्या पदार्थाचा, पिवळसर थर देऊन आजचा पांढरा उजेड तयार होतो. उजेड जितका थंड आणि शुभ्र, तितका त्यात निळ्याचा वाटा मोठा, आणि रात्री हा निळा भाग झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला अडवतो. खोक्यावर 6500 के (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगछटेचे माप) लिहिले असेल तर तो दिवसाचा उजेड. झोपण्यापूर्वीच्या वाचनाला 2700 ते 3000 के असा पिवळसर उजेड घ्यावा. पहिल्या पावसानंतर गच्चीत किंवा खिडकीशी वाचणाऱ्यांना याचा आणखी एक फायदा आहे: पिवळसर उजेडावर पंखवाले किडे तुलनेने कमी येतात.

दिवाळी अंकांतल्या गुळगुळीत कागदावर उजेड समोरून पडला की तो चकाकतो आणि बारीक टाइपातले अनुस्वार नि रफार त्या चकाकीत दिसेनासे होतात. अशा वेळी दिवा वाढवू नये, बाजूला सरकवावा.

बॅटरीवरचा आकडा खरा मानणे

अनेक दिव्यांत 18650 नावाचा लिथियम सेल असतो, 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता 3500 एमएएचच्या आसपास संपते, त्यामुळे एका सेलवर 9800 छापलेले असेल तर तो आकडा खोटा आहे आणि अशा विक्रेत्याच्या इतर दाव्यांवरही विश्वास ठेवू नये. अर्धा वॅट घेणारा वाचनाचा दिवा प्रामाणिक 1000 एमएएचवर सहा-सात तास चालतो. जाहिरातीतले तास बहुधा सर्वांत मंद टप्प्याचे असतात.

जुन्या पद्धतीच्या इमर्जन्सी दिव्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे होणारी हयगय बघून मला खरोखर वाईट वाटते. पंचवटीत आमच्या नात्यातल्या एक आजी रात्री पोथी वाचतात. पावसाळ्याच्या तोंडावर वादळात वीज गेली तेव्हा घरच्यांनी कपाटावरचा दिवा काढला आणि काही मिनिटांतच तो विझला. आत शिशाची, 4 व्होल्टची बॅटरी होती आणि आदल्या पावसाळ्यापासून ती कोणी चार्ज केलेली नव्हती. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि मग कितीही चार्ज केली तरी ती भरत नाही. अशी बॅटरी पूर्ण भरून ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा चार्जिंगला लावावी. लिथियमची मात्र दीर्घकाळ ठेवायची असेल तर निम्मी भरलेली बरी. साध्या पेन्सिल सेलचा दिवा महिनोन्‌महिने वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून पत्र्या खातात.

आणखी काही

मोबाइलच्या टॉर्चवर रोज वाचू नये. झोत एका जागी पडतो, फोन तापतो आणि तो धरून हात अवघडतो.

जड चिमटा पातळ पुस्तकाच्या मुखपृष्ठाला लावला की पुस्तक मुडपते. पलंगाच्या कठड्याला किंवा उशाशी ठेवलेल्या जाड पुठ्ठ्याला लावावा.

डोक्याला बांधायचा दिवा हात मोकळे ठेवतो, पण आपण ज्याच्याकडे बघू त्याच्या डोळ्यांत तो जातो. एकट्याने वाचायचे असेल तेव्हाच तो वापरावा.

पूर्ण काळोखात एकच झगझगीत पान समोर ठेवू नये, खोलीत कुठेतरी मंद उजेड असावा.

चार्जिंग चालू असताना दिवा पेटतो का, हे आधी विचारावे. काही पेटत नाहीत. टाइप-सी खाच असलेले काही स्वस्त दिवे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरने चार्ज होत नाहीत, त्यांना जुन्या चौकोनी यूएसबी टोकाचीच वायर लागते. म्हणून घरची वायर सोबत न्यावी आणि दुकानातच लावून बघावी.