कोल्हापूरच्या थंडीत घरी हलके विमान बांधणे आणि उडवणे

कोल्हापुरात दिवाळी उलटली की हवेतला दमटपणा ओसरू लागतो आणि घरच्या शेडमध्ये दोन आसनी हलके विमान बांधणाऱ्यासाठी वर्षातले सर्वांत उपयोगी चार महिने सुरू होतात. आपली थंडी बर्फाची नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा साधारण १४-१५ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा ३० च्या घरात जातो. बांधणी करणाऱ्याला त्रास होतो तो या चढउतारामुळे, आणि वैमानिकाला धोका असतो तो ही थंडी सौम्य वाटते म्हणून. त्यामुळे या मोसमासाठी सर्वांत आधी विकत घ्यायची हत्यारे म्हणजे तापमापक आणि आर्द्रतामापक. शेडमध्ये दोन्ही हवेत आणि विमानात बाहेरच्या हवेचे तापमान दाखवणारा काटा हवा. पुढे सांगितलेले बहुतेक सगळे या दोन आकड्यांवर अवलंबून आहे.

पहिला पत्रा कापण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी, म्हणजे डीजीसीएशी, पत्रव्यवहार सुरू करावा. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे, आणि विमान घरी बांधले म्हणून नोंदणीतून सूट मिळत नाही. ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणी, उड्डाणाची परवानगी आणि चालवणाऱ्याचा परवाना या तिन्हींशिवाय चाक जमिनीवरून उचलायचे नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात सर्वांनी पाहिले, पण त्याची नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. एवढा धीर मनात बाळगूनच कामाला लागावे. प्रत्येक सांधा बंद होण्याआधी त्याचा फोटो काढावा आणि वहीत तारीख, तापमान, आर्द्रता आणि मालाचा बॅच क्रमांक लिहावा. तपासणीच्या वेळी बोलते ती ही वही.

शेडमधले काम

शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या लेथवर आणि मिलिंगवर काम करणाऱ्या कारागिरांच्या हाताला तोड नाही, आणि फिटिंगचे भाग त्यांच्याकडून करून घेण्यात काहीच गैर नाही. मात्र फौंड्रीच्या गावात ‘थोडे जाड ठेवू, मजबूत होईल’ हा विचार सहज येतो, आणि विमानात तोच नडतो. जाड केलेला प्रत्येक भाग वजन वाढवतो आणि गुरुत्वमध्य सरकवतो. आराखड्यात ६०६१-टी६ अॅल्युमिनियम लिहिले असेल तर तेच, त्याच जाडीत आणि कारखान्याच्या चाचणी प्रमाणपत्रासह घ्यावे. मुख्य तुळईत, म्हणजे स्पारमध्ये, बाजारातला चकचकीत पण प्रमाणपत्र नसलेला बोल्ट घालू नये. तिथे विमानांसाठीच्या एएन मानकाचेच बोल्ट हवेत, मग ते यायला दोन महिने लागले तरी चालतील. लाकडी विमानासाठीही हाच नियम पाळावा. सागवान टिकाऊ असले तरी ते स्प्रूस या हलक्या लाकडापेक्षा बरेच जड आहे आणि त्यातल्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही.

धातूचे काम करणाऱ्याने तापमानाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. अॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०२३ मिलिमीटर प्रसरण पावते. तीन मीटर लांबीच्या पत्र्यावर सकाळी सातला १५ अंशांत अर्धी भोके पाडली आणि उरलेली दुपारी ३० अंशांत लाकडी साच्यावर पाडली, तर टोकाकडे एक मिलिमीटरचा फरक पडतो. रिव्हेटच्या भोकात एवढा फरक म्हणजे अंडाकृती झालेले भोक, आणि असे भोक भारवाहू जागी चालत नाही. म्हणून एका पत्र्याची सगळी भोके एका बैठकीत, शक्यतो सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत पाडावीत. दरवाज्यातून येणारे ऊन पत्र्याच्या एकाच बाजूवर पडणार नाही, हेही पाहावे. नियंत्रणाच्या पोलादी केबलला हेच गणित उलट बाजूने लागू होते. अॅल्युमिनियमचा सांगाडा थंडीत पोलादापेक्षा जास्त आकसतो, त्यामुळे दुपारी नीट ताणलेली केबल पहाटे सैल लागते. ताण मोजताना तापमानही लिहून ठेवावे आणि आराखड्यातल्या तक्त्याशी ताडून पाहावे.

थंडीत सर्वाधिक काळजी इपॉक्सीची, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून केलेल्या गोंदाची, घ्यावी लागते. तापमान दहा अंशांनी उतरले की इपॉक्सी सेट व्हायला साधारण दुप्पट वेळ लागतो. संध्याकाळी लावलेला सांधा सकाळी हाताला कडक लागतो, पण आतून पूर्ण पिकलेला नसतो. थंड आणि दमट हवेत काही इपॉक्सींच्या पृष्ठभागावर मेणासारखा चिकट थर येतो. तो कोमट पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुऊन, वाळवून, मगच पुढचा थर द्यावा. तसाच घासला तर तो सांध्यात मुरतो. काम सकाळी उन्हे वर आल्यावर सुरू करावे, म्हणजे पिकण्याचे पहिले काही तास दिवसाच्या उबेत जातात. रात्रीसाठी भागावर प्लॅस्टिकचा तंबू उभारून आत भागापासून दूर दोन जुने पिवळे बल्ब लावावेत. कोळशाची किंवा रॉकेलची शेगडी आत अजिबात ठेवू नये. आगीचा धोका तर आहेच, शिवाय जळणातून निघणारी वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांमुळेच तो चिकट थर वाढतो.

रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण डोळ्यांनी ठरवू नये. गुजरीतल्या सराफाकडे असतो तसा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा वापरावा आणि निर्मात्याने दिलेले प्रमाण वजनाचे आहे की आकारमानाचे, हे आधी वाचावे. प्रत्येक मिश्रणातून त्याच लाकडाचे दोन तुकडे जोडून बाजूला ठेवावेत, त्यावर बॅच क्रमांक लिहावा आणि पूर्ण पिकल्यावर ते शिकंज्यात धरून हातोडीने तोडावेत. लाकडाचे तंतू उखडून आले आणि गोंदाची रेघ शाबूत राहिली, तर सांधा चांगला आहे. गोंदाच्या रेघेवरच गुळगुळीत तुटला, तर त्या दिवशी जोडलेला खरा भागही उघडून पुन्हा करावा. इथे मन घट्ट करावेच लागते, कारण त्या तुकड्याशिवाय दुसरा कोणताही पुरावा आपल्याजवळ नसतो.

कापड चढवण्याचे काम मात्र या दिवसांत फारसे अडवत नाही. पावसाळ्यात पांढरट पडणारा डोप, म्हणजे कापडावर द्यायचा लेप, कोरड्या हवेत नीट बसतो. पॉलिएस्टर कापड इस्त्रीने आधी सुमारे १२० आणि शेवटी सुमारे १७५ अंशांवर आकसवतात. इस्त्रीच्या खुणांवर विश्वास न ठेवता तिचे तापमान मोजून घ्यावे.

धावपट्टीवर जाण्याआधी

पंखांची भारचाचणी उघड्यावर, वारा नसलेल्या दिवशी करावी. पंख उलटे ठेवून त्यांवर वाळूच्या पिशव्या रचतात. पिशव्या दहा किलोंच्या असाव्यात, कारण मोठी पोती पंखाच्या वक्रतेवर नीट बसत नाहीत आणि भार एकाच जागी येतो. वाळू वाळवून घ्यावी आणि प्रत्येक पिशवी वजन करूनच वापरावी. रात्रीच्या दवाने भिजलेली वाळू सकाळी जास्त भरते. पिशव्या बुडाकडून टोकाकडे, दोन्ही बाजूंना सारख्या ठेवाव्यात आणि टोकाकडून बुडाकडे काढाव्यात. प्रत्येक टप्प्यावर टोक किती झुकले हे पट्टीने मोजावे, आणि भार उतरवल्यावर ते मूळ जागी आले का ते पाहावे. जो पंख उडवायचा आहे, त्यावर मर्यादाभाराच्या, म्हणजे उड्डाणात येऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या भाराच्या, पुढे जाऊ नये. त्याच्या दीडपट असलेला अंतिम भार स्वतंत्र नमुन्यावर तपासावा.

इंधनाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे गरजेचे आहे. हलक्या विमानांत वापरल्या जाणाऱ्या रोटॅक्स ९१२ मालिकेच्या इंजिनांना दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल चालते, पण आता आपल्या पंपांवर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे, म्हणजे ई२०. ते टाकीत भरू नये. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि थंडीत तापमान उतरले की ते पाणी इथेनॉलसह तळाशी वेगळे होऊ शकते. इंडियन ऑइल आता देशातच एव्हीगॅस १०० एलएल हे विमानाचे पेट्रोल तयार करते, तेच वापरणे योग्य. त्यात शिसे असल्याने इंजिनचे तेल लवकर बदलावे लागते, हे वेळापत्रकात धरावे. अर्धी रिकामी टाकी रात्रीच्या थंडीत आतून दमट होते. म्हणून उड्डाण संपताच टाकी भरून ठेवावी, आणि सकाळी विमान हलवण्याआधी तळाच्या नळीतून पारदर्शक बाटलीत इंधन काढून खाली पाण्याचा थेंब साचतो का ते पाहावे.

इंधन पुरेसे वाहते का हेही पाहावे. केवळ गुरुत्वाकर्षणाने इंधन येत असेल, तर नाक जास्तीत जास्त चढाईच्या कोनात ठेवून, पूर्ण शक्तीला लागणाऱ्या इंधनाच्या दीडपट प्रवाह मिळायला हवा. पूर्ण शक्तीवर ताशी २७ लिटर खाणाऱ्या इंजिनासाठी हा आकडा ताशी सुमारे ४० लिटर होतो. कार्ब्युरेटरजवळची नळी काढून बादलीत धरावी. दहा लिटर भरायला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तर नळी, गाळणी किंवा टाकीचा हवेचा मार्ग यांत दोष आहे.

रोटॅक्सचे तेल तपासताना इग्निशन बंद असल्याची खात्री करून पंखा, म्हणजे प्रोपेलर, हाताने नेहमीच्या दिशेनेच फिरवावा. टाकीत गुडगुड ऐकू आली की मगच पट्टीवरची पातळी खरी मानावी. थंड सकाळी इंजिन सुरू केल्यावर दोन मिनिटे २,००० फेऱ्यांवर आणि पुढे २,५०० फेऱ्यांवर, तेल ५० अंशांवर येईपर्यंत चालू द्यावे. तेल गरम होण्याआधी पूर्ण थ्रॉटल दिला, तर घट्ट तेल वेळेवर पोचत नाही. वेग मोजण्यासाठी असलेल्या पिटो नळीवरचे आवरण काढताना आत डोकावून पाहावे. थोडे दिवस विमान उभे राहिले तरी कुंभारीण माशी तिथे मातीचे घर करते आणि वेगाचा काटा खोटे बोलू लागतो.

हवेत

उजळाईवाडीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंच आहे. त्या उंचीचे प्रमाण तापमान ११ अंश, आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला घनता-उंची, म्हणजे हवेच्या विरळपणावरून विमानाला भासणारी उंची, साधारण १२० फुटांनी वाढते. जानेवारीत सकाळी १६ अंशांना विमानाला हवा २,६०० फुटांवरची भासते. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना तीच ५,२०० फुटांवरची होते. साध्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते. त्यामुळे पहिले उड्डाण थंडीत करणे शहाणपणाचे आहे. मात्र थंडीत मोजलेले धावेचे अंतर उन्हाळ्यात गृहीत धरू नये.

पहिल्या उड्डाणासाठी वारा पाच नॉटपेक्षा कमी असलेली सकाळ, विमानतळ नियंत्रणाची परवानगी, एकटा वैमानिक आणि पाच किलोमीटरपेक्षा बरीच जास्त दृश्यता हवी. संध्याकाळ टाळावी. डिसेंबरच्या अखेरीस इथे सूर्य साधारण २४५ अंशांच्या दिशेला मावळतो, आणि धावपट्टी २५ वर, म्हणजे सुमारे २५० अंशांच्या दिशेने, उतरताना तो थेट डोळ्यांत येतो.

पंचगंगेच्या काठचे धुके आदल्या संध्याकाळीच ओळखता येते. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि तापमान व दवबिंदू यांत दोन-तीन अंशांचेच अंतर असेल, तर पहाटे धुके धरण्याची शक्यता मोठी असते. हंगाम सुरू असल्याने गुऱ्हाळांचा आणि पाचट जाळल्याचा धूर त्यात मिसळतो. गुऱ्हाळाच्या धुराड्याकडे पाहावे: धूर थोडा वर जाऊन आडवा पसरत असेल, तर वर उबदार हवेचे झाकण आहे आणि खालची धूसरता तशीच राहणार. धूर सरळ वर चढू लागला, म्हणजे झाकण मोडले. तोवर थांबावे.

आता या मोसमातला सर्वांत फसवा धोका. कार्ब्युरेटरमध्ये इंधनाची वाफ होताना आणि हवा अरुंद भागातून जाताना तापमान वीस अंशांनी किंवा त्याहून अधिक उतरू शकते. बाहेर १६ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर आत बर्फ धरायला ही हवा पुरेशी आहे. ‘कोल्हापुरात कसला बर्फ’ हे वाक्य म्हणूनच मनातून काढून टाकावे. थ्रॉटल कमी करून उतरू लागताना धोका सर्वाधिक असतो. स्थिर पिचच्या, म्हणजे पात्यांचा कोन न बदलणाऱ्या, पंख्याचे फेरे कारणाशिवाय हळूहळू कमी होऊ लागले, की कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कार्ब्युरेटर हीट पूर्ण ओढावी, अर्धवट नाही. आधी फेरे आणखी पडतात आणि इंजिन खडखडते, कारण वितळलेले पाणी आत जात असते. घाबरून हीट बंद करू नये. काही क्षणांत फेरे वर येतात. मोटारीचे इंजिन बदलून बसवलेल्या विमानात ही सोय हवीच. केबिन हीटर मात्र बसवू नये. आपल्या थंडीला स्वेटर आणि कानटोपी पुरते, आणि एक्झॉस्टच्या गळतीतून विषारी कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येण्याचा एक मार्ग तरी बंद होतो.

इंजिन बंद पडले तर उतरायचे कुठे, हे उड्डाणाआधी ठरवावे. हिवाळ्यात उभा ऊस माणसापेक्षा उंच असतो आणि त्यात शिरलेले विमान उलटते. तोडणी झालेले रान निवडावे, पण उतरावे ते सरीच्या दिशेनेच, मग वारा थोडा बाजूचा असला तरी चालेल. आडव्या सऱ्या पुढचे चाक मोडून टाकतात. नुकते पाणी दिलेले रान वरून गडद दिसते, ते टाळावे. भातखाचरांत बांध असतात, आणि हंगामात रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, म्हणून रस्त्याचा विचार सोडून द्यावा.

अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला बहुधा पहिले २५ किंवा ४० तास ठरलेल्या क्षेत्रातच चाचणीसाठी उडवावे लागते. तो आकडा आपणही डोळ्यांपुढे ठेवावा आणि त्या तासांत कोणालाही शेजारी बसवू नये. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सकाळी दहानंतर जमीन तापून हवा हलू लागली, की उड्डाणे पहाटेपुरती आवरती घ्यावीत. मग पंखाच्या बुडाचे बोल्ट, बिजागऱ्या आणि केबल उघडून पाहाव्यात, केबलचा ताण दुपारच्या तापमानात नव्याने मोजावा आणि वहीत थंडीच्या आकड्याशेजारी लिहावा.