ऑफिस शाहूपुरीत, फौंड्री शिरोलीत, माणसं पाच गावांत: विखुरलेले कर्मचारी सांभाळायचे कसे?

कोल्हापुरात धंदा जरा वाढला की तो एका जागेत मावत नाही. ऑफिस शाहूपुरीत राहतं, फौंड्री (धातूचं ओतकाम) शिरोली एमआयडीसीत जाते, मशीन शॉप गोकुळ शिरगावला. विक्रीची माणसं इचलकरंजी, सांगली, रत्नागिरीत फिरतीवर असतात आणि हिशोब बघणारी एखादी व्यक्ती घरूनच काम करते. माणसं सगळी मिळून चाळीस-पन्नास, पण मालक एका वेळी एकाच ठिकाणी असतो. अशा कंपनीत लांबच्या माणसाचं मन कामावरून उडतं, त्याचं कारण बहुतेक वेळा काम हे नसतंच. ऑफिसात ठरलेली गोष्ट त्याला सगळ्यात शेवटी कळते, तीही अर्धी. आणि त्याची अडचण वर पोचेपर्यंत महिना उलटतो. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: आधी सगळी मांडणी कागदावर

एका तक्त्यात प्रत्येक माणसासमोर पाच गोष्टी लिहा: कामाची जागा, पाळी, साप्ताहिक सुट्टी, रजा कोण मंजूर करणार, कामाची विचारणा कोण करणार. शेवटचे दोन रकाने भरताना खरी अडचण दिसते. गोकुळ शिरगावचा क्वालिटीचा मुलगा तिथल्या सुपरवायझरला ‘साहेब’ म्हणतो, पण त्याचा विभागप्रमुख शाहूपुरीत बसतो. एकाने रजा दिली आणि दुसऱ्याने खाडा धरला, की तो मुलगा दोघांवरचाही विश्वास गमावतो.

यावर सरळ नियम ठेवा. हजेरी, रजा, सुरक्षितता आणि शिस्त जागेवरचा सुपरवायझर बघेल. कामाची पद्धत, दर्जा आणि पगारवाढीची शिफारस विभागप्रमुख करेल. दोघांचं जुळलं नाही तर त्याच दिवशी आपसात बोलून मिटवायचं, माणसाला मधे निरोप्या करायचं नाही. तक्ता प्रत्येक ठिकाणी भिंतीवर लावा.

पायरी २: जागेवरच्या माणसाला ठरावीक अधिकार द्या

मशीनचा बेल्ट तुटला, दीड हजाराचा नवा आणायचा आहे आणि परवानगीसाठी सुपरवायझर तासभर फोन लावतोय. त्या तासात मशीन तर बंद असतंच, शिवाय आपल्यावर दीड हजाराचाही भरवसा नाही हे त्याच्या हाताखालच्या सगळ्यांना दिसतं.

प्रत्येक ठिकाणी किरकोळ खर्चाची ठरावीक रक्कम ठेवा. पंधरा-वीस माणसांच्या युनिटला पाच ते दहा हजार पुरतात. त्यातून दोन हजारांपर्यंतचा एक खर्च न विचारता, पाच हजारांपर्यंतचा फोन करून, त्यापुढचा लेखी. पावतीचा फोटो त्याच संध्याकाळी, हिशोब शनिवारी, आणि हिशोब आला की रक्कम सोमवारी पुन्हा भरून द्यायची. हे शेवटचं चुकलं तर सुपरवायझर पदरचे पैसे घालतो आणि पुढच्या वेळी खर्चच टाळतो. विक्रीच्या माणसालाही सवलतीची मर्यादा आकड्यात सांगा: इतके टक्के तुम्ही, त्यावर विचारून. ‘बघून घ्या’ हा अधिकार नव्हे, ती नंतर दोष द्यायची सोय होते.

पायरी ३: निरोपांना शिस्त

बहुतेक कंपन्यांत एकच व्हॉट्सअॅप ग्रुप असतो आणि त्यात शुभ सकाळपासून डिस्पॅचपर्यंत सगळं येतं. महत्त्वाचा निरोप वाढदिवसाच्या पन्नास शुभेच्छांखाली गाडला जातो. तीन भाग करा. पहिला ग्रुप सूचनांचा, ज्यात फक्त अॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग ठेवायची. दुसरा त्या-त्या ठिकाणच्या रोजच्या कामाचा. तिसरा गप्पा-शुभेच्छांचा, ज्यात राहायची सक्ती नाही. आणि तातडीचं काही असेल तर फोनच करायचा. मेसेज टाकला म्हणजे कळवलं, असं धरायचं नाही.

सूचना लिहिताना चार गोष्टी आल्याच पाहिजेत: काय बदललं, कधीपासून, कोणाला लागू, शंका कोणाला विचारायची. उदाहरणार्थ:

‘१ तारखेपासून टीए (प्रवासखर्चाचं) बिल दर शनिवारी दुपारी ४ पर्यंत द्यायचं. पैसे पुढच्या बुधवारी खात्यात जमा. लागू: विक्री आणि सर्व्हिसमधले सगळे. मागची राहिलेली बिलं या शनिवारी द्या, ती मंजूर होतील. शंका असल्यास अकाउंट्सला दुपारी ३ ते ५ फोन करा.’

पाच-सहा ओळी, पण यातून पंधरा फोन वाचतात. मागच्या बिलांचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. नवा नियम आला की माणसाच्या मनात पहिला प्रश्न ‘माझं जुनं काय?’ हाच येतो.

फौंड्रीत मात्र मोबाइलवर भिस्त ठेवू नका. भट्टीजवळ फोन वापरू द्यायचा नसतो, शेकआउटच्या (साचा फोडून ओतलेला भाग काढण्याच्या) आवाजात व्हॉइस नोट ऐकू येत नाही आणि बऱ्याच हेल्परांना मराठी वाचता येत नाही. तिथे सूचना छापून फलकावर लावा, मराठी आणि हिंदी दोन्हीत, आणि पाळी सुरू होताना सुपरवायझरने उभ्या-उभ्या पाच मिनिटांत वाचून दाखवावी. वाचल्यावर ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे मान डोलावतात. एकाला म्हणा, ‘आता तू सांग, शनिवारी काय करायचं?’

ऑफिसात चहाच्या टेबलावर ठरलेल्या गोष्टी लांब पोचतच नाहीत. म्हणून जिथे निर्णय झाला तिथल्या एकाने तो संध्याकाळी सहाच्या आत लिहून टाकायचा. हे काम आठवड्याला एकाकडे, पाळीपाळीने.

पायरी ४: रोज दहा मिनिटं, आठवड्याला अर्धा तास

रोजचा फोन सकाळी, पहिली पाळी लागून तास-दोन तास झाल्यावर. प्रत्येक ठिकाणाला दोन मिनिटं, तीनच प्रश्न: काल काय राहिलं, आज काय निघणार, कुठे अडलंय. अडलेल्याची चर्चा तिथेच सुरू केली की दहाची चाळीस मिनिटं होतात. फक्त नोंद करा आणि संबंधित दोघांनी नंतर बोलावं.

आठवड्याच्या बैठकीत एक घोटाळा हमखास होतो. केबिनमध्ये पाच जण एका फोनचा स्पीकर लावून बसतात आणि रत्नागिरीच्या माणसाला पंख्याची घरघर व अर्धं हसू ऐकू येतं. तो दहा मिनिटांत बोलणं सोडून देतो, मग ऑफिसात म्हणतात, ‘त्याला काही रस नाही.’ एक जण जरी बाहेरून जोडलेला असेल तर प्रत्येकाने आपापल्या फोनवरून, कानात हेडफोन घालून बसावं, आणि बोलायची सुरुवात बाहेरच्यांपासून करावी.

पायरी ५: मोजायचं ते काम

दिवसभर लाइव्ह लोकेशन मागितलं की माणूस ठिकाणावर दिसतो, काम झालं की नाही ते दिसत नाही. त्याऐवजी प्रत्येकाला फार तर तीन मापं द्या. विक्रीला: किती ग्राहकांना भेट, किती ऑर्डर, जुनी येणी किती वसूल. सर्व्हिसला: तक्रार किती वेळात सुटली, आणि तीच तक्रार महिन्याच्या आत पुन्हा आली का. गोडाऊनला: पुस्तकातला साठा आणि प्रत्यक्ष साठा यातला फरक. मशीन शॉपला: वेळेवर गेलेले जॉब आणि रिजेक्शन. घरून हिशोब बघणाऱ्या व्यक्तीला: कोणती नोंद कोणत्या तारखेपर्यंत. घरून काम म्हणजे रात्री दहालाही फोन चालतो असं नव्हे. तिच्याही कामाच्या वेळा तक्त्यात लिहा.

फिरतीच्या माणसाला सगळ्यात जास्त टोचतं ते अडकलेलं टीए बिल. स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालून तो कंपनीला आठ-आठ दिवस उसने देत असतो. किलोमीटरचा दर ठरवा, पेट्रोल महागलं की तो बदला आणि बिल आठवड्यात चुकतं करा. कुठल्याही स्नेहमेळाव्यापेक्षा याने माणूस जास्त टिकतो.

पायरी ६: भेट द्यायची ती ठरवून

जवळच्या युनिटला पंधरवड्यातून एकदा, लांबच्याला महिन्यातून एकदा; तारीख आधी सांगून. फक्त तक्रार आल्यावरच गेलात तर तुमची गाडी दिसताच सगळे गप्प होतात.

आत गेल्यावर सुपरवायझरच्या केबिनमध्ये बसू नका आणि रजिस्टरही मागू नका. आधी युनिटमधून चालत फिरा: पिण्याचं पाणी, संडास, पंखे, हातमोजे. मग दोन-तीन माणसांशी प्रत्येकी पंधरा मिनिटं एकट्याने बोला. ‘काही अडचण?’ या प्रश्नाला ‘काय नाही साहेब, बरं चाललंय’ हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, ‘मागच्या महिन्यात पगार बरोबर आला का? ओटीचे (ओव्हरटाइमचे) तास जुळले का? उचल मागितलेली, तिचं काय झालं?’ ठोस प्रश्नाला ठोस उत्तर येतं. त्यानंतर सुपरवायझर, आणि रजिस्टर सगळ्यात शेवटी. निघताना जेवढं करणं शक्य आहे तेवढंच, फार तर तीन गोष्टी, कबूल करा, फलकावर लिहा आणि पुढच्या भेटीआधी पुऱ्या करा. एखादी होणार नसेल तर तसंही कारणासह सांगा.

पायरी ७: नवा माणूस आणि सणवार

नव्या माणसाचे पहिले दोन दिवस मुख्य ऑफिसात घालवा, मग त्याच्या जागेवर एक जुना माणूस महिनाभर सोबतीला द्या. पहिल्या आठवड्यात ओळखपत्र, गणवेश, यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक), विमा क्रमांक, ग्रुपमध्ये नाव आणि अकाउंट्सशी प्रत्यक्ष ओळख झालीच पाहिजे. तिसाव्या दिवशी विभागप्रमुखाने स्वतः फोन करावा.

सणाला सगळ्यांना कोल्हापुरात बोलावणं सोपं वाटतं, पण रत्नागिरीच्या माणसाला आंबा घाट चढून यायचं असतं आणि त्याच रात्री परतायचं असतं. वर्षातून एक कार्यक्रम कोल्हापुरात, बाकीचे आळीपाळीने. खंडेनवमीची यंत्रपूजा मात्र प्रत्येक युनिटात, एकाच सकाळी. मालक सगळीकडे पोचणार नाही, तेव्हा पूजेचा मान त्या युनिटातल्या सगळ्यात जुन्या कामगाराला द्या, तेही आठवडाभर आधी सांगून, म्हणजे त्याला घरच्यांना आणता येईल. दिवाळीचा बोनस आणि मिठाई सगळीकडे एकाच दिवशी. गोकुळ शिरगावला आज आणि शिरोलीला चार दिवसांनी, असं झालं की ती गोष्ट वर्षभर निघत राहते.

पायरी ८: पावसाळ्याआधी पुराची तयारी

हे काम मे महिन्यात उरकायचं. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली. शिरोली नदीच्या पलीकडे आहे. शहरात राहणारा सुपरवायझर आणि शिरोलीतलं युनिट यांच्यामध्ये पाणी असतं तेव्हा कोणाच्याच हातात काही राहत नाही.

प्रत्येक कर्मचाऱ्याचं घर नदीच्या कोणत्या बाजूला, याची यादी करा. प्रत्येक युनिटच्या चाव्या नदीच्या त्याच बाजूला राहणाऱ्या दोघांकडे असाव्यात. पगाराचं बँक लॉगिन दोन जणांना, दोन वेगळ्या भागांत. पातळी ३९ वर गेली की तळमजल्यावरचे संगणक, कागदपत्रं आणि पॅटर्न (साचे बनवायचे नमुने) वर हलवायचे, आणि कोणत्या पाळ्या बंद, कोण घरून काम करणार, हे त्याच दिवशी कळवायचं. पाण्यामुळे येता न आलेल्या दिवसांचा पगार कसा धरणार, हे पूर यायच्या आधी लेखी ठरवा. ज्याच्या घरात पाणी आलं आहे त्याला हजेरीची काळजी करायला लावू नये. शिवाय रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी सुपरवायझरने प्रत्येकाला फोन करायचा: घरचे सुरक्षित आहेत का, काय लागतंय.

दोन कायदेशीर गोष्टी

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला अंतर्गत समिती नेमावी लागते, आणि ऑफिसं वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येक ठिकाणी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. मुख्य ऑफिसात समिती आहे म्हणून शिरोलीचं काम भागत नाही.

दुसरी गोष्ट निपाणी-बेळगावात माणसं असणाऱ्यांसाठी. तिथे किमान वेतन आणि व्यवसाय कर कर्नाटकाचे लागतात आणि १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुट्टी असते. सुट्ट्यांची यादी आणि पगारपत्रक त्यांच्यासाठी वेगळं करा आणि हे काम तिथल्या सल्लागाराकडून तपासून घ्या.

तीन महिन्यांनी एक तपासणी करा. प्रत्येक ठिकाणच्या एका माणसाला फोन करून विचारा: ‘या महिन्यात कोणता नियम बदलला, आणि तुम्हाला तो कोणी सांगितला?’ जिथलं उत्तर वेगळं येईल तिथला सुपरवायझर, फलक आणि ग्रुप त्याच आठवड्यात जाऊन बघा.