कॅम्पर व्हॅनमधला पहिला वीकेंड: या चुका टाळा

दोन रात्रींची कॅम्पर व्हॅनची सहल बिघडते ती बहुतेक वेळा शुक्रवारी संध्याकाळीच. ऑफिस सुटल्यावर भाड्याची व्हॅन ताब्यात घ्यायची, न्यू जर्सीतल्या एडिसनला ओक ट्री रोडवरून किराणा उचलायचा, मुलांना बसवायचं आणि पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांच्या दिशेनं सुटायचं. ट्रॅफिकमधून बाहेर पडेपर्यंत नऊ वाजलेले असतात. मग अंधारात, भुकेल्या मुलांच्या साक्षीनं, आयुष्यात कधी न हाताळलेल्या गाडीला वीज आणि पाणी जोडायची वेळ येते. पुढे लिहिलेल्या निम्म्याहून जास्त चुका या घाईत होतात. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: दोन-अडीच तासांपेक्षा लांब जाऊ नका आणि उजेड असेपर्यंत साइटवर पोचा. शुक्रवारी अर्धी रजा मिळत नसेल, तर सरळ शनिवारी सकाळी निघा. एक रात्र कमी होईल, पण जी मिळेल ती सुखाची असेल.

जागा निवडतानाची चूक

अमेरिकेत कॅम्पग्राउंड म्हटलं की सगळी सारखीच, असं समजून बुकिंग केलं जातं. १९६२ साली मोंटानातल्या बिलिंग्जमध्ये सुरू झालेली केओए किंवा १९६९ साली विस्कॉन्सिनमध्ये पहिलं ठिकाण उघडलेली जेलीस्टोन पार्क, या साखळ्या कुटुंबांसाठीच बनलेल्या आहेत. पोहण्याचा तलाव, खेळायची जागा, स्वच्छ न्हाणीघरं आणि बऱ्याचशा साइटवर वीज-पाण्याची सोय तिथे मिळते. याउलट व्हर्जिनियातल्या शेनांडोआ नॅशनल पार्कमधलं बिग मेडोज कॅम्पग्राउंड पाहा. जागा अप्रतिम, संध्याकाळी कुरणात हरणं चरताना दिसतात, पण तिथे एकाही साइटला हूकअप, म्हणजे वीज-पाण्याची जोडणी, नाही. वीज नाही म्हणजे एसी नाही, मायक्रोवेव्ह नाही. जनरेटर लावायचा तर त्याच्याही वेळा ठरलेल्या. अनुभवी माणसाला ते चालतं. लहान मुलं आणि भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असताना पहिल्याच खेपेला तिथे जाऊ नये. ‘फुल हूकअप’ म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्ही साइटवर. बुकिंग करताना हे शब्द शोधा. शक्य असेल तर ‘पुल-थ्रू’ साइट घ्या. एका बाजूनं शिरायचं आणि सरळ पुढे जाऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचं, गाडी मागे घ्यावीच लागत नाही.

मागे घ्यावीच लागली, तर मदतीला उतरलेल्या माणसानं ड्रायव्हरला आरशात दिसेल अशाच जागी उभं राहायचं. तो दिसेनासा झाला की ब्रेक. आणि चार जणांनी चार दिशांनी ‘या, या’ करायचं नाही. सांगणारा एकच हवा.

उंची लिहून ठेवा

व्हॅन ताब्यात घेताना मालक किंवा कंपनीचा माणूस सगळं भराभर दाखवतो आणि आपण मान डोलावतो. तसं करू नका. फोनवर त्याचा पूर्ण व्हिडिओ घ्या आणि प्रत्येक झडप एकदा स्वतःच्या हातानं उघडून बंद करा. गाडीची उंची विचारा आणि ती चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. उभं राहता येईल अशा व्हॅन साधारण नऊ-दहा फूट उंच असतात, मोठी आरव्ही (बसएवढं फिरतं घर) अकरा-बारा फुटांपर्यंत जाते. कनेक्टिकटमधल्या मेरिट पार्कवेवर आठ फुटांहून उंच गाडीला बंदीच आहे, आणि न्यूयॉर्कच्या जुन्या पार्कवेंवरचे दगडी पूलही असेच ठेंगणे आहेत. फोनवरचा नकाशा आपल्याला नेहमीच्या कारमध्ये धरून चालतो आणि बिनदिक्कत त्या रस्त्यानं नेतो. शेनांडोआच्या स्कायलाइन ड्राइव्हवर मेरीज रॉक बोगद्याची उंची १२ फूट ८ इंच आहे. तिथून व्हॅन जाते, पण छतावर सामान बांधलं असेल तर तेही मोजायला हवं. बँकेचं किंवा फास्टफूडचं ड्राइव्ह-थ्रू तर विसरूनच जा.

आणखी एक गोष्ट, जी मी सोडून देऊ शकत नाही. गाडी चालू असताना मागे कुणीही उभं राहायचं नाही, बेडवर झोपायचं नाही, ‘जरा चिवडा काढते’ म्हणून उठायचं नाही. मुलांच्या कार सीट पुढे तोंड असलेल्या, पट्टा असलेल्या जागेवरच लागतात. अशा जागा किती आहेत हे बुकिंगच्या आधी विचारा, कारण सहा जण झोपू शकतात याचा अर्थ सहा जण बसू शकतात असा नव्हे.

वीज का जाते

साइटवर एक खांब असतो आणि त्यावर ब्रेकर व सॉकेट. आधी ब्रेकर बंद करायचा, मग केबल लावायची, मग ब्रेकर चालू. काढतानाही ब्रेकर आधी बंद. चालू ब्रेकरवर केबल ओढली की ठिणगी पडते आणि पिना जळतात. मध्ये सर्ज प्रोटेक्टर लावलात तर खांबातला दोष गाडीपर्यंत येत नाही.

आता सगळ्यात नेहमीची तक्रार: ‘चहा टाकला आणि सगळं बंद पडलं.’ भाड्याच्या बहुतेक व्हॅन ३० अँपिअरच्या असतात. १२० व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे सगळं मिळून ३६०० वॉट, त्याच्यावर काही नाही. छतावरचा एसी साधारण १३ अँपिअर घेतो. इलेक्ट्रिक केटल १५०० वॉटची असली तर साडेबारा. इथेच पंचवीस झाले. त्यात कुणीतरी इन्स्टंट पॉटमध्ये खिचडी लावली की आणखी आठ-नऊ, आणि ब्रेकर पडतो. दोष गाडीचा नसतो. सकाळी दहा मिनिटं एसी बंद करा, चहा करून घ्या, मग पुन्हा लावा. गरम पाण्याचा बंब विजेवर असेल तर तोही हिशोबात धरा. तो एकटाच बारा अँपिअरच्या आसपास खातो, म्हणून बंब गॅसवर चालवणं सोपं पडतं.

फक्त काही सॉकेट बंद असतील तर ओट्याजवळच्या किंवा न्हाणीघरातल्या सॉकेटवरचं छोटं रीसेटचं बटण दाबून पाहा. दिवे लागतात, पंप चालतो, पण एसी आणि मायक्रोवेव्ह नाही, असं असेल तर खांबाकडून वीजच येत नाहीये. दिवे गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालले आहेत. बाहेर जाऊन खांबावरचा ब्रेकर पाहा. तो पूर्ण खाली ओढून मगच वर करावा लागतो.

पाणी: येणारं आणि जाणारं

पिण्याच्या पाण्याचा नळ आणि पाइप वेगळे असतात; पाइप बहुधा पांढरा किंवा निळा. डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागी, धुण्यासाठी असलेला पाइप तोंडाला येणाऱ्या पाण्याला कधीही लावायचा नाही. नळ आणि पाइपच्या मध्ये प्रेशर रेग्युलेटर लावा. काही ठिकाणी दाब इतका असतो की गाडीतले प्लास्टिकचे सांधे सुटतात आणि सकाळी गादीखाली पाणी दिसतं. बाहेरच्या नळाला जोडलेलं असताना आतला पंप बंद ठेवायचा. पंपावर असताना सगळे नळ बंद असूनही तो घरघरत राहिला, तर टाकी रिकामी झाली आहे किंवा कुठलातरी नळ गळतो आहे.

बंब सुरू करण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडून हवा न येता सलग धार पडते ना, ते पाहा. रिकाम्या बंबात विजेची कॉइल चालू केली की ती काही क्षणांत जळते. आणि हा बंब बहुतेक वेळा सहा गॅलनचा, म्हणजे जेमतेम तेवीस लिटरचा असतो.

सांडपाण्याचं मात्र नीट समजून घ्या. सिंक आणि शॉवरचं पाणी ग्रे टाकीत जातं, टॉयलेटचं ब्लॅक टाकीत. छोट्या व्हॅनमध्ये ग्रे टाकी वीस-पंचवीस गॅलनची असते. शॉवर मिनिटाला दोन गॅलन सोडतो. म्हणजे एकानं घरच्यासारखी दहा मिनिटं आंघोळ केली की टाकी भरत आली. टाकी भरली याची खूण पातळी दाखवणाऱ्या दिव्यांवर नव्हे, पायांशी दिसते: शॉवरच्या जाळीतून भांड्यांचं तेलकट पाणी उलटं वर येऊ लागतं. तसं दिसताच नळ बंद करायचे आणि टाकी रिकामी करायची. काठीनं जाळी कोचून काही होत नाही. आंघोळी कॅम्पग्राउंडच्या न्हाणीघरात उरका, व्हॅनमधला शॉवर अडीनडीला ठेवा.

फुल हूकअप आहे म्हणून ब्लॅक टाकीची झडप उघडीच ठेवणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ तळाशी राहून वाळतो. झडप बंद ठेवायची, टाकीत भरपूर पाणी असू द्यायचं आणि निघताना एकदम सोडायचं. आपल्याकडे टॉयलेटमध्ये पाणी वापरायची सवय आहे, ती इथे उपयोगीच पडते. फक्त टाकी लवकर भरते एवढं लक्षात ठेवा. टॉयलेट पेपर आरव्हीसाठीचाच वापरा. ओले वाइप्स टाकायचे नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. रिकामी करूनही दिवा ‘फुल’ दाखवत असेल तर आतल्या सेन्सरला कागद चिकटलेला असतो. भरपूर पाणी घालून पुन्हा सोडा.

क्रम असा: हातमोजे, पाइप दोन्ही टोकांना घट्ट, आधी ब्लॅक, ती बंद करून मग ग्रे. ग्रेचं साबणाचं पाणी पाइप धुऊन काढतं. म्हणूनच मी ग्रेची झडपही मुक्कामभर बंद ठेवायला सांगते. भांडी धुतलेलं पाणी झाडाखाली ओतणं किंवा पिण्याच्या नळावर कढई घासणं हे जवळपास प्रत्येक कॅम्पग्राउंडच्या नियमात बसत नाही, आणि त्या वासानं मुंग्यांपासून अस्वलापर्यंत सगळे येतात.

फोडणी, गॅस आणि थंडी

व्हॅनमध्ये हिंग-मोहरीची फोडणी दिली की मिनिटाभरात स्मोक अलार्म बोंबलतो. मग कुणीतरी वैतागून त्याची बॅटरी काढतं आणि परत लावायचं राहून जातं. कृपा करून असं करू नका. छतावरचा पंखा बाहेर हवा टाकणारा करा, खिडकी उघडा, किंवा फोडणी बाहेर टेबलावर द्या. बरीच मंडळी वाटण आणि मसाले घरून करून आणतात, तेच सोयीचं. शेगडी पेटत नसेल तर नळीत हवा असते, थोडा वेळ धीर धरावा लागतो.

जमिनीलगत जो दुसरा अलार्म असतो तो प्रोपेनचा. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचतो. थांबून थांबून टिकटिकला तर बहुधा बॅटरी उतरलेली आहे. सलग वाजला तर सगळ्यांना बाहेर काढा, कुठलंही बटण न दाबता टाकीची झडप बंद करा आणि दार उघडं ठेवा.

ऑक्टोबरमध्ये पानगळ बघायला गेलात की रात्री चांगलीच थंडी पडते. हीटर चालला नाही म्हणून कोळशाची शेगडी आत आणणं किंवा गॅस पेटवून झोपणं यानं माणसं दगावतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पांघरुणं जास्तीची न्या आणि झोपण्यापूर्वी त्याचा अलार्म बटण दाबून तपासा.

फ्रीज गार होत नाही ही तक्रारही नेहमीची. गॅसवरही चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फ्रीजला गाडी समतल लागते. दाराशी छोटी पाणसळ ठेवा आणि खालच्या चाकाखाली ठोकळे घाला. फ्रीज आदल्या रात्री चालू करून ठेवायला मालकाला सांगा, आणि गरम भाजीचे डबे लगेच आत कोंबू नका.

लाकडं, अस्वल, शेजारी

घरामागे पडलेली लाकडं शेकोटीसाठी घेऊन जाऊ नका. एमराल्ड अॅश बोरर हा किडा मिशिगनमध्ये २००२ साली सापडला आणि नंतर पूर्व अमेरिकेतली अॅशची झाडं त्यानं उजाड केली. तो पसरण्यात जळाऊ लाकडाच्या वाहतुकीचा मोठा हात होता. न्यूयॉर्क राज्यात प्रक्रिया न केलेलं लाकूड पन्नास मैलांपलीकडे नेता येत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीत २०१४ साली सापडलेली स्पॉटेड लँटर्नफ्लाय ही कीड तर गाड्यांना चिकटलेल्या अंड्यांतून फिरते. लाकूड कॅम्पग्राउंडवरच विकत घ्या. निजण्यापूर्वी शेकोटीवर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. पालथ्या हाताला ऊब लागत असेल तर ती विझलेली नाही. सकाळी मुलं आधी शेकोटीभोवतीच्या लोखंडी कड्याकडेच धावतात.

पोकोनोज आणि शेनांडोआ दोन्हीकडे काळी अस्वलं आहेत. तुपाचा डबा, लाडू, कचऱ्याची पिशवी, काहीही रात्री टेबलावर राहता कामा नये. सगळं गाडीत, दारं बंद.

चार कुटुंबं मिळून जाण्यात मजा आहेच. पण एका साइटवर माणसांची आणि गाड्यांची मर्यादा असते, ती आधी विचारून शेजारशेजारच्या साइट घ्या. रात्री दहानंतर बहुतेक ठिकाणी शांततेची वेळ सुरू होते. अंताक्षरी त्याआधी रंगवा. स्पीकर तर नकोच. शेजारच्या तंबूतलं बाळ आणि आपण यांच्यामध्ये फक्त कापड असतं.

रविवारी निघताना

गाडीच्या बाहेरची सावलीची कनात (ऑनिंग) रात्रीच गुंडाळलेली असू द्या, वाऱ्याच्या एका झोतात तिचे दांडे वाकतात आणि भाड्याच्या गाडीत तो खर्च आपल्यावर येतो. चेकआउट अकरा-बाराच्या सुमाराला असतं आणि डंप स्टेशनवर त्याच वेळी रांग लागते, त्यामुळे दहाच्या आत टाक्या रिकाम्या करा. त्यानंतर एकट्यानं, हातात काही न घेता, गाडीभोवती एक फेरी मारा: केबल, पाण्याचा पाइप, सांडपाण्याचा पाइप, पायरी, चाकाखालचे ठोकळे, छताची खिडकी, गॅसची झडप. मग ड्रायव्हर सोडून दुसऱ्या कुणीतरी तीच फेरी पुन्हा मारावी. व्हॅन परत करताना पेट्रोल, मैल आणि जनरेटरचे तास यांच्या आकड्यांचा मालकासमोरच फोटो काढून ठेवा.